सरड्यासाठी कौल

मालवणच्या दवाखान्यात मी तापलेल्या बाळाला घेऊन बसले होते. शेजारच्या आजोबांच्या टोपलीत पायाला चिंधी बांधलेला सरडा होता. मी बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं. आजोबा आजींवर करवादत होते.

"दार लोटताना बघूक व्हया गो! पाय चिरडलो बिचाऱ्याचो."

"पाळूक दुसरा काय गावला नाय तुमका? टाका तेका माडाच्या मुळात."

"टाकू कसो? देवान बरो होतलो म्हणान उजवो कौल दिल्यान."

"सरड्यासाठी कौल? गुरवाक काय सांगलास?"

"घरातलो आजारी आसा, म्हणान सांगलंय."

"तरीच! सगळो वाडो माका इचारता, तुझो घोव कसो आसा? गुरवान मुंबयक झिलाक तारय केल्यान, बापूस आजारी म्हणान."

"मगे?"

"मगे काय? आजच्या बोटीन येता हा तो. दोन गणपतीक इलो नाय. सरड्यासाठी बोलावलो म्हणान कळला, तर त्याच बोटीन मागे जायत!"

कंपाउंडरने हाक मारली. आजींनी टोपली ओढून घेतली आणि त्याच आधी आत शिरल्या.

"डॉक्टरांनू, हेका बरो करा. आणि एक मोठी पट्टी आमच्या ह्यांकाय बांधा."

"माका? खंयच्या पायाक गो?"