टेपचं दुसरं टोक

—बसा ना भाऊ, ग्रामसभा काही वेळेवर भरत नाई, लोकं जेवून येतील निवांत. गाडी तेवढी मांगं लावा, सोलर कंपनीची पाटी दिसली का कल्ला होते. काहून म्हनता? तुमी इंजिनिअर मानूस, तुमाले जमीन म्हनजे जमीनच. मले सोलर नको असं नाई बरं — मोर्शीले मोर्चा नेला तो मीच, सरपंच झाली तेबी त्याच्यावरच. शेताले दिवसा लाइन पायजे म्हनून घसा बसेपर्यंत ओरडली. मंग आता नाई कसं म्हनू? आन् हो तरी कसं म्हनू? सोलरसाठी निवडलेल्या जागेले सरकारी पडीक म्हनता तुमी — पन तिथं आमच्या बौद्धपुऱ्यातले लोकं आज्यापासून तूर पेरून राहिले, फक्त कागद नाई. देवळामांगची जागाबी सरकारीच, सबस्टेशनले जवळ — पन तिथं उपसरपंच चंद्रभानभाऊचा संत्र्याचा बगीचा घुसला ना, तिकडं कोन बोट दाखवते? मी दाखवलं. तं म्हने बाई विकासाच्या आड येते, अविश्वास आना हिच्यावर.

तुमचे पोट्टे मोजणीले आले होते ना — त्याइले टेपचं दुसरं टोक कोनं धरून देल्लं, मालूम आहे? माझ्या सासूनं, केशरबाईनं. उन्हात, अनवानी, बांधाबांधानं फिरली त्याइच्यासंगं, भाकर खाऊ घातली. तिले वाटलं, पट्टे भेटून राहिले, जमीन नावावर होते. जिंदगीभर त्या मोजणीची वाट पाह्यली तिनं. घरी आली तं म्हने, दीक्षा, तू सरपंच झाली म्हनून झालं हे. रोज सकाळी ठरवते, आज सांगन का मोजणी पट्ट्याची नाई, सोलरची होती — आन् थे हसते, मंग मी भाकरी थापत बसते. नाई सांगतलं अजून.

एक आयका. तुमीच म्हना सभेत — खाली खडक लागला, जागा जमत नाई. तुमचं काय जाते? मी तुमचं नाव कुठंच नाई घेनार... असे खाली नका पाहू. रिपोर्ट गेला? वरून मंजूरबी झाला? — बरं. मंग मले सभा कायले बोलवाले लावली, फोटोले? — बरं, राहू द्या.

चूप बसा आता, आलीच सासू. जयंतीचं पांढरं लुगडं नेसून आली, तुमचे आभार मानाले.

या आत्याबाई, या. हो, मोजणीवाले साहेब हेच. हे फडक्यात काय बांधून आनलं? साहेबासाठी भाकर? — घ्या भाऊ. घ्या म्हनते ना. आन् गाडीत जाऊन बसा थोडं, मले आत्याबाईसंगं बोलाचं आहे.