थांबलेला नैवेद्य

मंडळी, ऐका. पोथी उघडायच्या आधी एक प्रश्न घेऊ. घरातलं वडील माणूस म्हणालं, "जरा थांब," तर थांबायचं की नाही? सांगा! — त्या मागच्या काकू मान हलवतायत, थांबायचंच. आणि हे पुढचे गृहस्थ विचारतायत, वडील माणसात बायको धरायची का? धरा! तिथं न थांबून जाता कुठे?

बरं, हसून झालं. आता गोष्ट.

समुद्रकाठी एक गाव, नारळी-पोफळीत बुडालेलं. गावात लक्ष्मीनारायणाचं देऊळ, आणि देवळामागच्या स्वयंपाकघरात त्र्यंबकअण्णा. नैवेद्याचा स्वयंपाक पिढीजात त्यांच्याकडे. आता नैवेद्य चाखायचा नाही, हे तुम्हांला ठाऊक आहे. देवाच्या आधी जीभ लावायची नाही! अण्णांनी जन्मात लावली नाही. मीठ त्यांच्या हाताला कळायचं. मूठ उघडली, मीठ पडलं, संपलं. लोक म्हणायचे, अण्णांची जीभ तळहातावर आहे.

बायको लवकर गेली. एकच लेक, शरयू. तालुक्याच्या शाळेत शिकवायची, पण उत्सवाला रजा काढून बापाच्या हाताखाली हजर — नारळ खवायला, पुरण वाटायला. बापाचा शब्द तिनं कधी मोडला नाही. धाकानं नाही हो! मोडावासा कधी वाटलाच नाही.

तर उत्सवाचा दिवस. सभामंडपात गाव पंगतीची वाट बघतंय. आमटीला उकळी आली, अण्णांनी डाव घातला — आणि डाव हातातून सुटला. ठण्ण! शरयूनं वर पाहिलं. अण्णा आपल्याच उजव्या हाताकडे बघत होते. परक्या माणसाकडे बघावं, तसे.

"काय झालं, अण्णा?"

"काही नाही गो. मुंग्या आल्या हाताला."

डाव उचलला. पुन्हा सुटला. आणि आता तिला दिसलं, तोंडाचा उजवा कोपरा खाली आलाय.

एवढ्यात दारात कोण? देवळाचे पंच, बापूकाका. एकदा बघितलं आणि निदान तयार! आपल्याकडे निदानाला डॉक्टर कुठे लागतो? "अगो, वारं गेलं अंगावरून! चुलीपुढून घामाघूम उठला आणि दारात जाऊन उभा राहिला असणार. खिडक्या लाव आधी!"

मंडळी, इथं जरा थांबू. 'अंगावरून वारं गेलं.' किती जुना शब्द! आजी म्हणायची, पणजी म्हणायची. पण जुना म्हणून खरा का? वारं म्हटलं की आपण काय करणार? खिडकी लावणार. कान बांधणार. तेल चोळणार. आणि आलं तसं जाईल म्हणून वाट बघणार! खरं काय होत असतं? आगरातला पाट आठवा. पाटात पालापाचोळा अडकला की पलीकडच्या पोफळीला पाणी नाही. तशी रक्ताची गुठळी मेंदूच्या शिरेत अडकते, आणि पलीकडचा मेंदू सुकायला लागतो. पोफळ बिचारी दोन दिवस तग धरते. मेंदू नाही धरत. त्याचा कण न् कण तिथल्या तिथं मरायला लागतो. पाट तुंबलाय आत — आणि आपण खिडकी लावतोय बाहेरची!

खिडक्या लागल्या. अण्णांच्या कानाला उपरणं बांधलं, हाताला गरम तेल चोळलं. शरयू म्हणाली, "अण्णा, रिक्षा बोलावते. दवाखान्यात जाऊ."

अण्णा हसले. अर्धेच हसले. "नैवेद्य दाखवतो, मग जाऊ. देवाला उपाशी ठेवून जाऊ होय? थांब जरा."

झालं! बापाचा शब्द. शरयू थांबली. पुरण उतरेपर्यंत थांबली. पान वाढून होईपर्यंत थांबली. दर वेळी मनात यायचं, आता उठवावं यांना. आणि मनच सांगायचं, एवढं झालं की निघायचंच आहे. तिला नावं ठेवू नका, मंडळी. ती आळशी नव्हती, अडाणी नव्हती. ती आज्ञाधारक होती.

उजवा पायही ओढायला लागला होता; दोघांनी धरून अण्णांना देवापुढच्या पाटावर बसवलं. डाव्या हातानं त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं. अण्णांनी, डाव्या हातानं! मग मंत्र. नैवेद्याचा मंत्र म्हणजे काय हो? प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा... देहातल्या पाच वायूंना एकेक घास. कळायला लागल्यापासून शरयूनं तो याच आवाजात ऐकलेला. अण्णांनी डोळे मिटले.

"प्ला... प्लाना... स्स..."

पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. मग शब्द नाहीच, नुसता श्वास.

शरयू उठली. देवापुढचं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि बाजूला ठेवलं.

"अगो शिवलीस!" बापूकाका ओरडले. "बाटवलास नैवेद्य! देवाच्या तोंडचं ताट —"

"देव थांबेल, काका," ती म्हणाली. "मी थांबले ते चुकलं. तुम्ही दुसरं ताट वाढा नाहीतर नका वाढू. पण आधी अण्णांना हात लावा, उचलायचंय."

काकांनी खांद्यावरचं उपरणं फेकलं आणि अण्णांचे पाय धरले. माणूस वाईट नव्हता, मंडळी. त्याच्याकडे 'वारं' हा शब्दच तेवढा होता.

रिक्षानं तालुक्याला. तालुक्यानं सांगितलं, जिल्ह्याला न्या. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "केव्हापासून?" शरयू म्हणाली, "डाव पडला तेव्हापासून." गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या काही तासांतच देता येतं. वेळ अगदी संपत आली होती. दिलं. अण्णा जगले. पाय परत आला. उजवा हात नाही आला, आणि बोलणं नाही आलं.

शरयूनं विचारलं, "डाव पडला तेव्हाच निघालो असतो तर?"

बाई खरं बोलणाऱ्या. "जास्त वाचलं असतं. किती, ते नाही सांगता येत."

आता हे 'किती' घेऊन माणसानं जगायचं कसं? तिनं गावच्या शाळेत बदली मागून घेतली. रोज दुपारी ती घरच्या देवाचं ताट करायची, अण्णा समोर बसायचे, ओठ हलायचे, आवाज नाही. एका दुपारी तिला राहवलं नाही. ताट तसंच हातात धरून म्हणाली, "अण्णा, त्या दिवशी मी थांबायला नको होतं."

अण्णांनी तिच्याकडे बघितलं. मग डावा हात ताटात घातला, वरणभाताचा घास केला आणि तिच्या तोंडाशी धरला.

"अण्णा, अजून देवाला दाखवायचंय —"

त्यांनी मान हलवली. घास तिथंच. शितं गळत होती, पण हात मागे गेला नाही. तिनं तोंड उघडलं.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. झोपेत, शांतपणे.

आता तुम्ही द्या उत्तर. थांबायचं? वडिलांचं ऐकावं, मंडळी, जन्मभर ऐकावं. पण त्यांचा देह एक सांगत असला आणि तोंड दुसरं, तर देहाचं आधी ऐकावं. रुसू द्या त्यांना. रागावू द्या. रागवायला ते असू देत.

चला, गजर करू. पण आज दोन्ही हात वर! आणि देवाकडे बघू नका, तो कुठं जात नाही. शेजारच्याकडे बघा. त्याचा एक हात आपोआप खाली येतोय? हसताना तोंड एकीकडे जातंय? नाम घेताना जीभ अडखळतेय? यातलं एक दिसलं तरी पुरे. तेल शोधू नका, खिडकीकडे धावू नका. माळेत मणी किती? एकशे आठ. रुग्णवाहिकेचा नंबरही तोच! जन्मभर जपलात, आता फिरवा. माझं कीर्तन अर्ध्यावर सोडून उठा, मला विचारायला थांबू नका.

हं, घ्या हात वर... काकू, आधी काकांकडे बघा... दोन्ही आहेत ना वर? सगळ्यांचे? — मग म्हणा नाम!