त्रासाचा रकाना

—ती काय सांगनार, मीच सांगतो की, नेहमी मीच सांगतो. बसा ना. समृद्धी न्हवं का नाव? बसा समृद्धीताई, गोनपाट सवच्छ हाय, कोंबडी आत्ताच उठली त्याच्यावरनं. आमच्या घरवालीला, बयाबाईला इचारायचंय म्हनता? ती आत पडलीय. सोमवारपासनं उठली न्हाई. उद्या सकाळी गाडी येनार तिला आपरेशनला न्यायला, आन् म्हातारी म्हनती मी जात न्हाई, भाताची आवनी होऊ द्या आदी. नर्सनं सांगून पायलं, मी सांगून पायलं — न्हाई म्हंजे न्हाई. मग तुमी काय फारम भरनार? भरा. या ओट्यावर फारम भरनाऱ्या तुमी सहाव्या, का सातव्या, मोजायचं सोडलं राव मी. डिंभ्यावरनं यष्टी यील न यील, फारमवाला येतोच.

तुमचा इषय कंचा? बायांचं काम आन् आरोग्य — दोन्ही एकाच फारमात? बरं. न्हाई, एकेक जन एकेकच घिऊन येतो म्हनून इचारलं. पयला सात वर्सांमागं आला, त्याचा इषय नुसता वाकन्याचा. हसू नका, खरंच! ऐन आवनीत आला, पोरांच्या कंपासपेटीत असतो तसला पन हा मोठा कोनमापक घिऊन, बूट काढून बांधावर हुबा. बयाबाई गुडघाभर चिखलात भाताची रोपं लावत मागं मागं सरकतीय, आन् हा म्हनतो, आजी हलू नका, तसंच वाकून ऱ्हावा. बारा मिन्टं! मी म्हनलं, साहेब, सासूपुढं बी ती एवढी वाकली न्हवती, लिवा तुमच्या कागदावर. लिवलं त्यानं काहीतरी. मग आला हिशेबाच्या शास्तरातला, त्याला पायजे घरात कोन काय काम करतं. बाई काय करतात? मी म्हनलं, काय न्हाई, घरीच असती. आवो सगळेच आसं सांगतात हितं, तुमच्या घरी काय येगळं सांगतात का? आन् मी सांगतोय तवाच म्हातारी डोक्यावर राबाचा, रोपांच्या वाफ्यात जाळायच्या पाल्याचा भारा घिऊन अंगनात — भाऱ्याखाली तोंड बी दिसंना. त्यानं लिवलं, काम करत नाहीत. तिनं भारा टाकला आन् त्याला च्या केला.

एक बाई गान्यांसाठी आली व्हती, आवनीची जुनी गानी. लई गोड बाई. तिला मी दोनशे वर्सांपूर्वीचं गानं दिलं — जे मी सकाळी दात घासताना जुळवलं व्हतं, आमच्या मेव्हन्याच्या, गेनभाऊच्या टकलावर. तिनं डोळे मिटून ऐकलं वो! छापलं म्हनं. आन् ती मनाच्या शास्तरातली — तिच्या कागदावर तोंडं काढलेली, रडकं ते हसरं, तुमी किती सुखी, एक ते धा सांगा. मी म्हनलं, अकरा. ती म्हनती अकरा न्हाई यात. मग कागुद छोटा हाय तुमचा, म्हनलं.

तुमी हसताय, पन तुमी बी लिवता का हे? नका लिवू. हे काय कामाचं न्हाई.

मग डाक्टर. तीन वर्सं झाली. चांगला व्हता, वाईट म्हननार न्हाई मी, घरोघर फिरत व्हता बिचारा उन्हातान्हाचा. हितंच बसला, तुमी बसलाय तिथं. समदं इचारलं — खोकला, ताप, बीपी — आन् म्हनला, आजींना काही त्रास? बयाबाई दारात हुबी. हातपाय धुवून, नवं लुगडं नेसून. मला तवाच कळाया पायजे व्हतं, बिनलगनाचं, बिनजत्रंचं नवं लुगडं ती कशाला नेसंल? पन मी — मला काय ऱ्हावतंय व्हय! मी म्हनलं, त्रास? त्रास मी हाय की, चाळीस वर्सांचा! हसले समदे. डाक्टर हसला, शेजारचा सोमाजी पोट धरून हसला, ती बी पदर तोंडाला लावून हसली. डाक्टरनं रकान्यात लिवलं — नाही. आन् गेला पुढच्या घरी.

हसली का? पदर तर व्हता तोंडाला.

सोमवारी रोपं उपटताना खाली बसली ती उठलीच न्हाई. मंगल नर्स आली, मला भायेर काढलं, दार लावलं. भायेर आली तवा माज्याकडं अशी बघत व्हती — म्हनली, बाबा, पिशवी खाली आलीय. अंग भायेर येतंय तिचं. आठ वर्सं झाली म्हनती. कापडाची घडी लावून काम करती. तुमाला ठाव न्हाई? आठ वर्सं, ताई. मंजी तो बारा मिन्टं वाकून ठेवनारा आला तवा बी ते व्हतंच. तो भारा, तवा बी. डाक्टर आला तवा तर पाच वर्सं झाली व्हती. आन् मी एका घरात, एका चुलीचं खातोय. काल इचारलं मी, लई दुखतंय का गं? म्हनली, काय न्हाई. माजंच उत्तर मला दिलं राव तिनं! लई वर्सं ऐकलंय, पाठ झालंय.

न्हाई, न्हाई, मला नका इचारू पुढचं. वय? तिलाच इचारा. किती लेकरं, किती गेली, कवापासनं भारे उचलती — मी सांगीन ते खोटं ठरंल. तुमी बाईमानूस हाय, शिकलेल्या हाय, आत जा. फारम हितं ऱ्हाऊ द्या, नायतर घिऊन जा, तुमची मर्जी. रोपं न्हाई सुकत म्हनावं, सोमाजीच्या घरचे लावून देतील, मी बी लावीन, वाकता येतं मला. पन हे मी म्हनलंय म्हनून नका सांगू, तिला वाटंल मी पुन्हा तिच्या वतीनं बोलतोय.

मी वड्याच्या पल्याड जाऊन बसतो. ओट्यावर असलो तर ती बोलनार न्हाई, आन् मला तोंड आवरत न्हाई. उठा आता. दार लोटून घ्या.

आन् ताई — ती काय म्हनली ते मला सांगू नका. उद्या गाडीत बसली तर कळंलच.

जा.