हिरव्या डबीची धुलाई

आता मला एक सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर? विकणाऱ्यावर? मी स्वतः विकणारा आहे, तिथलं आतलं सगळं मला ठाऊक आहे, ते राहू द्या. घेणाऱ्यावर? तो दुकानात असतो तोवर एक माणूस असतो आणि पायरी उतरला की दुसराच. मग छापील कागदावर? गुळगुळीत कागद, त्यावर हिरवं पान, पानावर दवाचा थेंब… तुम्हाला सांगतो, त्या थेंबानं माझा घात केला. मी शाळेत फार टिकलो नाही, जे शिकलो ते काउंटरमागे उभं राहून शिकलो. समोरचा सुट्टे नाहीत म्हणतो तेव्हा कुठल्या खिशात आहेत तेसुद्धा मला कळतं. पण तो थेंब इतका गार दिसत होता की मी गेलोच वाहत.

त्याचं असं झालं. माझं दुकान कोपऱ्यावरचं. सिगारेट, काड्यापेटी, पेनं, घड्याळाचे सेल, बुटाच्या नाड्या, असा सगळा माल. शेजारी ताईची लाँड्री. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, आणि दोन्ही दुकानांच्या मधल्या भिंतीत एक दार आहे. ते दार वडिलांनी ठेवलं होतं, भावंडांनी एकमेकांना हाक मारावी म्हणून. हाक मारायचं काम ताईनं घेतलं, ऐकायचं माझ्याकडे आलं.

तर एक दिवस कंपनीचा विक्रेता आला. पोरगा गोड, टाय हिरवा, म्हणून आम्ही त्याला हिरवा टायच म्हणतो. त्यानं ते दवाच्या थेंबाचं चकचकीत कार्ड माझ्या हातात दिलं आणि काउंटरवर एक गोल डबी ठेवली, आत चिमुकल्या पांढऱ्या उशा. निकोटीनच्या. ओठाखाली ठेवायची, धूर नाही, काही नाही. "काका, सिगारेटला थोटूक असतं, राख असते, धूर असतो. आमच्या मालाला काय आहे? काहीच नाही. पर्यावरणपूरक, काका, शाश्वत." मी म्हणालो, बाबा, नाद तो नादच, ते मला नको शिकवू, पण ही चघळून झाल्यावर जाते कुठे? तो टाय नीट करत म्हणाला, "म्हणजे… निसर्गात."

निसर्गात. जशी काही चार दिवस हवा बदलायला जाते.

पण मी ऐकून घेतलं. मोठ्या माणसांना, सिगारेट सोडवत नाही अशांना, मी ती डबी द्यायला लागलो. आणि पहिल्याच आठवड्यात एका चष्मेवाल्या गिऱ्हाइकानं डबी उलटसुलट करून विचारलं, "अहो शेठ, ह्या झाकणात आणखी एक छोटं झाकण आहे, ते कशाला?"

आता बघा, आमच्या धंद्यात एक नियम आहे. 'माहीत नाही' हे दोन शब्द दुकानात ठेवायचे नसतात. ते ठेवले की बाकीचा माल जुना वाटायला लागतो. मी त्या झाकणाकडे पाहिलं, जणू ते मीच बनवलंय, आणि म्हणालो, "डोकेदुखीची गोळी ठेवायला. ऐन वेळी कुठे शोधत बसणार?" चष्मेवाला खूश. त्यानं चार जणांना सांगितलं, त्या चौघांनी आणखी कुणाला, आणि बघता बघता अख्ख्या रस्त्याच्या गोळ्या त्या झाकणात जाऊन बसल्या. शिंपी त्यात शर्टाची बटणं ठेवायचा. केशकर्तनवाल्यानं टाचण्या ठेवल्या आणि मग एकदा घाईत… जाऊ द्या, आता बरा आहे तो.

मग चघळून झालेली उशी कुठे ठेवायची, हा प्रश्न आलाच. तेही मलाच विचारलं. मी पाटीच लावली, "रस्त्यावर टाकू नका, खिशात ठेवा, घरी जाऊन कचऱ्यात टाका." किती साधी, किती चांगली पाटी! आणि लोकांनी ऐकलं हो. पहिली दोन वाक्यं ऐकली. खिशात ठेवेपर्यंत सगळे पर्यावरणवादी होते, घरी जाईपर्यंत विसरले.

पण रस्ता मात्र असा झाला की काय सांगू. झाडणाऱ्या मावशी एका सकाळी झाडू टेकून उभ्या राहिल्या. "भाऊ, तुमच्या दारात थोटकं दिसत नाहीत हल्ली. लोक मेले की काय?" मी म्हणालो, मावशी, लोक सुधारले. त्या म्हणाल्या, "बघा हं, मला तसं कुणी सांगितलं नाही." ही बातमी हिरव्या टायच्या कानावर गेली आणि तो धावत आला. म्हणाला, काका, तुम्हाला 'हरित विक्रेता' म्हणून प्रमाणपत्र देऊ, फ्रेम करून, फोटो काढून, आणि ह्या रस्त्याची सगळी एजन्सी तुमच्याकडे. मला आपलं भरून आलं. मी भिंतीवर जागाही बघून ठेवली, वडिलांच्या फोटोखाली, जरा डावीकडे.

आणि ज्या सकाळी तो फ्रेम घेऊन यायचा होता, त्याच सकाळी मधल्या दारातून हाक आली. "तू इकडे ये."

नाव नाही, 'अरे' नाही, नुसतं 'तू इकडे ये'. ताईनं लहानपणी अशी हाक मारली की मी हातातली वस्तू आधी लपवायचो आणि मग जायचो. सवयीनं मी हातातलं पेन लपवलं आणि गेलो.

लाँड्रीत पाणीच पाणी. मोठं मशीन अर्ध्यात अडकलेलं, पोटात लॉजच्या चादरी, आणि आतून असा आवाज की जणू कुणी म्हातारं दमलेलं माणूस जिना चढतंय. खाली मिस्त्री आडवा पडलेला, नुसते पाय दिसतायत. तुम्हाला सांगतो, त्या लॉजच्या कामावर ताईचं निम्मं घर चालतं. आणि लॉजच्या मॅनेजरचा फोन येऊन गेला होता. "ताई, संध्याकाळी पाहुणे उतरतायत. चादरी आल्या नाहीत तर उद्यापासून दुसरी लाँड्री बघावी लागेल. रागावू नका हं." रागावू नका म्हणणाऱ्या माणसावर तर माझा अजिबात विश्वास नाही.

ताईनं माझ्यासमोर टब सरकवला. टबात पांढऱ्या चिमुकल्या उशा. ढीग.

"हे काय आहे?"

आता इथे तरी म्हणायचं ना, माहीत नाही! पण जीभ वळली नाही. म्हणालो, "असेल काहीतरी. कपड्यांचं."

"कपड्यांचं," ताई म्हणाली. "माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या शर्टांच्या खिशातून निघतं हे. मी रोज जाळीतून काढतेय, आज जाळीच्याही पुढे, पंपात गेलं. कढत पाणी झालं, साबण झाला, पिळून झालं, ड्रायर झाला. शर्ट फिके पडले, कॉलर झिजल्या, ही बया आहे तशीच. उलट अंगावरच्या सुरकुत्या गेल्यात हिच्या. तुझा तो टायवाला म्हणत होता ना, निसर्गात जाते? हा बघ निसर्ग. फरशी पुसायला घे."

मी फडकं घेतलं. आणि तेवढ्यात, वेळ बघा माणसाची, हिरवा टाय दारात. एका हातात फ्रेम, एका हातात कॅमेरा. "काका, आधी फोटो की आधी चहा?"

ताई म्हणाली, "आधी टब."

त्यानं टबात पाहिलं. मी विचारलं, "काय रे, ही विरघळत नाही का?"

"विरघळते असं आम्ही कुठे म्हणालो, काका? थोटूक नाही एवढंच म्हणालो."

"मग पर्यावरणाचा हिशोब केला होतास ना?"

"केलाय की. काउंटरपर्यंत. काउंटरच्या पुढे ग्राहकाची जबाबदारी."

"आणि माझ्या पंपाच्या पुढे?" ताईनं विचारलं. ताईनं त्याच्या हातातली नमुन्याची डबी घेतली, नखानं ते वरचं छोटं झाकण उघडलं, उजेडाकडे धरलं आणि आतल्या बाजूला अगदी बारीक कोरलेलं मोठ्यानं वाचलं. "वापरलेली येथे ठेवा."

हिरवा टाय उत्साहानं म्हणाला, "हो, ती वापरलेल्यांचीच जागा आहे! ती भरली की कचऱ्यात रिकामी करायची. खिशात का ठेवतात लोक? त्यांना कुणी सांगितलं नाही?"

ताईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मशीनसुद्धा कण्हायचं थांबलं. मला त्या झाकणात काही कोरलंय हे चष्म्याशिवाय दिसलंच नव्हतं, आणि चष्मा काउंटरवर घालायचा नसतो, गिऱ्हाइकाला वाटतं ह्याला भाव दिसत नाहीत.

पण मी व्यापारी आहे. पाय घसरला तरी हात वर ठेवायचा. म्हणालो, "ते काही असो ताई, चूक लोकांची आहे. कचरा खिशात घेऊन झोपतात म्हणजे काय? मी बघ, मी कधी शर्टाच्या खिशात काही ठेवतो का?"

तेव्हा मशीनखालून आवाज आला. "एक कडक काहीतरी आहे इथे. बाकी सगळं ह्याच्याच आडोशाला साचलंय." आणि मिस्त्रीचा एक हात बाहेर आला. हातात एक कार्ड. प्लास्टिकचं आवरण असलेलं, चकचकीत. हिरवं पान, पानावर दवाचा थेंब.

ह्या रस्त्यावर तसं कार्ड हिरव्या टायनं एकाच माणसाला दिलं होतं. आणि त्या माणसाचे शर्ट लहानपणापासून ताई धुते. फुकट.

ताईनं कार्ड पुसलं आणि माझ्यासमोर धरलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. हिरवा टाय मात्र कार्ड हातात घेऊन बघत म्हणाला, "छपाई बघा काका, जराही गेलेली नाही." आता सांगा, विश्वास ठेवायचा कुणावर? निदान छपाईवर ठेवता येतो.

मग त्यानं हळूच फ्रेम पुढे केली. "काका, फोटो?" एजन्सी होती हो त्यात, सगळ्या रस्त्याची. मी ताईकडे बघितलं. ती ओल्या चादरी उपसत होती, एकटी, आणि चादर ओली असली की केवढी जड असते ते चादर उचलणाऱ्यालाच कळतं. मी म्हणालो, "काढ फोटो. पण टबासकट काढ, आणि खाली लिही, काउंटरच्या पुढचा माल." तो हसला, मग मी हसत नाही हे पाहून थांबला, आणि फ्रेम काखेत मारून निघून गेला. एजन्सी त्याच्या मागोमाग गेली.

कार्ड निघालं तसं मिस्त्रीनं मशीन चालू केलं. मी दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि दिवसभर चादरींच्या घड्या केल्या. दोघांनी चादर ताणायची, जवळ यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, पुन्हा लांब जायचं. ताई नुसतं "कोपरा धर" म्हणायची. दुपारनंतर "कोपरा धर रे" म्हणाली. त्या 'रे'वर मी समजलो, वाचलो.

चादरी वेळेत पोचल्या, ड्रायरमधून काढलेल्या, गरमागरम. लॉजचं काम टिकलं. रात्रीच्या जेवणाच्या सुमाराला मॅनेजरचा फोन. ताईनं मला ऐकू यावं असा धरला. "ताई, एका पाहुण्यांच्या चादरीच्या घडीत एक छोटी पांढरी उशी निघाली. ते विचारतायत, ही सुगंधाची पुडी कपाटात ठेवायची का? त्यांना फार आवडली कल्पना." ताईनं माझ्याकडे बघितलं. मी घाईघाईनं मान हलवली, म्हणजे कपाटात नको, तोंडात तर नकोच नको. ताई फोनमध्ये म्हणाली, "कचऱ्यात टाका म्हणावं, आणि हात धुवा. साबण आमच्याकडून."

आता माझ्या काउंटरवर एक मोठी बरणी आहे. जुनी डबी आणा, झाकणातल्या उशा बरणीत टाका, मग नवी मिळेल. लोक कुरकुरतात. चष्मेवाला तर गोळी काढायला तयारच नव्हता, म्हणाला, शेठ, तुम्हीच सांगितलंत. मी म्हणालो, मला माहीत नव्हतं. तुम्हाला सांगतो, भिंत पडली नाही, मालही जुना झाला नाही.

बरणी पहिल्यांदा भरली तेव्हा मी हिरव्या टायला फोन लावला. म्हटलं, बाबा, ह्याचं पुन्हा काही होतं का, भरलेली बरणी पाठवू कुठे? तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, खरं सांगू? माहीत नाही." आणि त्या दिवसापासून त्या पोरावर माझा थोडा थोडा विश्वास बसायला लागलाय. बरणी आपली साध्या कचऱ्यात जाते. निदान कुठे जाते ते ठाऊक आहे.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी डबी घेत असेल, सोडाल तेव्हा सोडा, पण तोवर एक विनंती आहे. हिशोब प्रामाणिक ठेवा. डबीतून जितक्या निघाल्या तितक्या झाकणात परत भरल्या पाहिजेत. एखादी कमी भरली तर निसर्गात गेली म्हणू नका, खिसा बघा. कारण तुमच्या हिशोबातली तूट शेवटी मधल्या दारातून माझ्याकडे येते, आणि ताई हल्ली कुणाचाही शर्ट धुवायच्या आधी भर रस्त्यात उलटा करून झटकते… सुरुवात माझ्यापासून.