पलीकडच्या कॅन्टीनचा भात

साहेबाला सर्व्हर समजावताना कधी उदाहरण देऊ नका राव, डोक्याला ताप होतो. आमच्या महाळुंग्याच्या कंपनीत एका सर्व्हरला दोन प्रोसेसर आहेत आणि दोघांजवळ आपापली मेमरी. उत्पादनाची लाइन चालवणाऱ्या प्रोग्रॅमला कोणीतरी नियम घालून ठेवलाय, मेमरी फक्त पहिल्याचीच घ्यायची. ती संपली की प्रोग्रॅम मरतो, लाइन थांबते आणि बोलणी मी खातो.

परवा प्लांटचे शेळके साहेब स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "अर्धी मेमरी तर रिकामी दिसतेय. मग संपली कशी?"

"सर, ती दुसऱ्या प्रोसेसरकडची. तिकडून घ्यायची परवानगी नाही. तुम्ही सही द्या, मी एक ओळ बदलतो."

"रिकामी आहे तरी संपली? काहीही सांगू नका."

तीनदा सांगितलं. चौथ्यांदा वैतागून म्हणालो, "सर, आपल्याकडे कॅन्टीन दोन. आमच्याकडचा भात संपतो, पलीकडे पातेलं भरलेलं असतं, पण आमचं कार्ड तिकडे चालत नाही. म्हणून आम्ही उपाशी! तसंच आहे हे."

साहेब ताडकन उठले. "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं?"

मला वाटलं, सुटलो एकदाचा.

दुसऱ्या दिवशी गेटवर नोटीस, खाली साहेबांची सही. आजपासून कोणतंही कार्ड दोन्ही कॅन्टीनमध्ये चालेल.

पलीकडे जाऊन भाताचा पहिला घास घेतला, तोच साहेबांचा फोन.

"आता तर भात मिळतोय ना? मग लाइन का थांबली?"