माझ्या नावावर निघालेला फोल्डर

मी, वय ३४, काम पाणी तपासणी प्रयोगशाळेत संगणकांची देखभाल, राहणार मोठ्या टाकीमागची इमारत, तिसरा मजला, पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

मी या नोकरीत सहा आठवड्यांपूर्वी लागले. आज सकाळी दहा वाजता सर्व्हरवर जागा मोकळी करत होते. आमच्याकडे लिनक्स ही संगणक प्रणाली आहे. त्यात नोकरी सोडणाऱ्याचे खाते काढले, तरी त्याच्या फाइली असलेला होम फोल्डर तसाच राहू शकतो. तो आठवणीने काढावा लागतो, आणि आठवण कुणालाच राहत नाही. असे बेवारस चार फोल्डर निघाले. पाचवा फोल्डर माझ्या आधी कामावरून काढलेल्या तपासनीसकाकांचा होता. त्याला मालक दिसत होता. मालक मी होते.

संगणक माणसाला क्रमांकाने ओळखतो. काकांचा क्रमांक रिकामा झाला, तो मला मिळाला आणि त्यांच्या फाइली माझ्या नावावर आल्या. काकांना मी कधी पाहिलेलेही नाही.

आत मोठ्या टाकीच्या पाण्याचे अहवाल होते, दर महिन्याचे दोन. 'पाठवलेला' यात शिसे मर्यादेत. 'खरा' यात मर्यादेच्या आठपट. खाली काकांची टीप, की उकळून शिसे जात नाही. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. महिनाभर तिचे पोट दुखत आहे, म्हणून मी तिला पाणी उकळून देते.

काकांना फोन लावला. काकूंनी उचलला. म्हणाल्या, "ताई, यांचं नाव काढू नका. आम्ही सामान बांधलंय."

साडेअकराला प्रयोगशाळेच्या प्रमुख साहेबांना सांगायला गेले. तिथेच चुकले. साहेब हसले. म्हणाले, "जुनी अडगळ आहे हो, उडवून टाका. आणि फाइलींवर नाव कुणाचं दिसतंय, बघितलंत ना?" मग उठून त्यांनी केबिनचे दार लावून घेतले. मुलीला शाळेतून आणायचंय, असे सांगून मी निघाले.

फाइलींच्या तारखा मी लागण्याआधीच्या आहेत. तारखा बदलता येतात, हे मला माहीत आहे आणि साहेबांनाही. पेनड्राइव्हवर प्रत हजर करत आहे. मला भीती वाटते.

मुलगी बाहेर बाकावर बसली आहे. तिच्या बाटलीतले पाणी मी ओतून टाकले. मला इथे दोनदा पाणी दिले, मी घेतले नाही. इथला नळ कोणत्या टाकीचा, असे मी विचारले, तेव्हा लिहून घेणाऱ्या हवालदारांनी हातातला ग्लास खाली ठेवला. हेही जबाबात घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

सगळे मला वाचून दाखवले. मी सांगितले तसेच लिहिले आहे.