मेंढ्यांची दोन पुस्तकं

सन्माननीय अध्यक्ष गुरुलिंगअप्पा, व्यासपीठावरचे पाहुणे शिवशरण वकीलसाहेब, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आमच्या गौराबाई, आणि धाराशिवच्या माझ्या आयाबहिणींनो व बंधूंनो,

कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल तर आत्ताच सांगा, मी पुन्हा पहिल्यापासून घेईन. (मथुराकाकू म्हणतात, "समदी आली, बोल आता!" बरं.)

बाई उद्या तुळजापूरच्या शाळेवर जात आहेत. माझं पहिलं शिकणं घरात, वडिलांपाशी झालं. पुस्तक म्हणजे पोथी, ती पहिल्या पानापासून वाचायची, एवढंच मला ठाऊक. बाईंच्या हाताखाली शिकवायला आले, तर सतरंजीवर पुस्तकं मांडलेली आणि भोवती सात-आठ वर्षांच्या पोरी. कुणाचं चरित्र, कुणाचा प्रवास, लोणच्यांच्या कृती, जनावरांचे आजार. बाई म्हणायच्या, "आधी वाचू नका गं. या पुस्तकाला काय विचारता येईल, ते सांगा." हे काय शिकवणं, असं आपल्यापैकी कितीजणांना वाटलं होतं? मलाही वाटलं होतं.

मग तपासणीला सरकारी साहेब आले. त्यांनी इजाजत दिली नाही तर वर्ग बंद होणार होता. सतरंजी पाहून ते म्हणाले, "बाई, ये क्या बाजार लगाया? पोरींना एक वाचनमाला बस आहे."

"साहेब, पोरींनाच विचारा," बाई म्हणाल्या.

साहेबांनी मेंढ्यांची चित्रं असलेली दोन पुस्तकं उचलली आणि बिराप्पा धनगरांची लेक हरणा, तिच्यापुढं धरली. "दोन्ही मेंढ्यांचीच. एक काढून टाकलं तर?"

हरणानं हात मागं घेतला. "साहेब, तुमची अंघोळ झाली का?"

मी तिला मागं ओढायला धावले! पण तिचं तरी काय चुकलं? मेंढ्यांच्या रोगांची तसलीच चोपडी तिच्या घरी बिरोबापाशी, भंडारा लावून ठेवलेली. पारोशानं त्या चोपडीला कुणी शिवत नाही.

साहेब म्हणाले, "हो गई बेटा, सुबूच हो गई."

तेव्हा कुठं हरणानं पुस्तकं घेतली. "हे रोगाचं हाय. हे समदं वाचत बसलं तर मेंढी मरंल. खूर दुखतोय, तर खुराचंच पान काढायचं. आन् ह्यात एक गडी मेंढरं घिऊन कोकणात जातो. हे मधूनच उघडलं तर घाट कसा उतरला ते कळतच न्हाय."

"मग चांगलं कोणतं?"

"मेंढी आजारी हाय का बरी, त्यावर हाय की!"

साहेब खो खो हसले, आणि तिथंच बसून त्यांनी इजाजत लिहून दिली. दुसऱ्या दिवशी बिराप्पा दारात उभे. "बाई, देवापासली चोपडी मेंढवाड्यात न्यावी म्हंतो. पाप लागंल का?" बाई म्हणाल्या, "न्या की मामा. मेंढ्या बिरोबाच्याच न्हायत का?"

आता तो वर्ग माझ्याकडं आला आहे. काल मी बाईंना विचारलं, "पोरींनी काही विचारलं अन् मला आलंच नाही तर?" त्या म्हणाल्या, "तर म्हणायचं, चल, कोणत्या पुस्तकात मिळंल ते दोघी मिळून शोधू." रात्रभर मी तेच घोकत होते.

बाई, तुमचे उपकार शब्दांत मावत नाहीत. वर्गाला मठाची ओसरी देणाऱ्या गुरुलिंगअप्पांचे, आणि माझं अडखळणं ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे आभार. काही उणंअधिक बोलले असेन तर लेक समजून पोटात घाला. फक्त पोरींना घरी ठेवू नका. वर्ग उद्याही भरणार आहे.